माता-बाल आरोग्यसेवेतील समन्वयाचा प्रश्न : पूर्व विदर्भाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील करडी हे वैनगंगेच्या खोऱ्यातील धानपिकाच्या प्रदेशात वसलेले गाव होय. येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. अशा गावातील एखादी स्त्री गर्भवती राहिली म्हणजे आजच्या व्यवस्थेत तिची नोंद निदान तीन वह्यांत होते. पहिली वही आरोग्यसेविकेची. ती जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाच्या अधीन असते. दुसरी अंगणवाडी सेविकेची; ती महिला व बालविकास विभागाच्या योजनेत मानधनावर काम करते. तिसरी आशा कार्यकर्तीची. ती राष्ट्रीय आरोग्य अभियानाची स्वयंसेविका असून तिला प्रामुख्याने कामागणिक मोबदला मिळतो. तिघी एकाच गल्लीतून फिरतात, एकाच ओसरीवर बसतात, आणि पुष्कळदा एकाच बाईला तेच प्रश्न विचारतात. मात्र तिघींचे वरिष्ठ निरनिराळे, अहवालांचे नमुने निरनिराळे, आणि कामाची परीक्षा करण्याची मापेही निरनिराळी आहेत.

हे विभाजन निसर्गसिद्ध नव्हे. त्यास इतिहास आहे. प्रसूत होणारी स्त्री आणि जन्मणारे मूल यांच्या प्रकृतीचा, आहाराचा, मनःस्थितीचा आणि घरच्या परिस्थितीचा एकत्र विचार करणे, यासच समग्र आरोग्यसेवा हे नाव आज दिले जाते. तिचा आग्रह सरकारी अहवालांत गेली ऐंशी वर्षे सातत्याने आढळतो. तथापि हा इतिहास बारकाईने तपासता असे दिसते की, माता व बालक यांचे ऐक्य कचेरीतील योजनेने क्वचितच साधले. ते जेथे साधले तेथे गावातील एखाद्या स्त्रीच्या हातून आणि तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या एका जबाबदार यंत्रणेमुळे साधले. शासनाने असा प्रयोग उचलला की त्यातील कामे तेवढी घेतली गेली. जबाबदारी मात्र पुन्हा वाटली गेली.

या ऐक्याचे जुने रूप म्हणजे सुईण. प्रसूतीच्या वेळी आणि पुढे दहा-बारा दिवस बाळंतिणीला व बाळाला न्हाऊ-माखू घालणारी, शेकशेगडी करणारी, बाळंतिणीने काय खावे हे सांगणारी ती एकच स्त्री असे. आई आणि मूल तिच्या दृष्टीने एकच काम होते. परंतु या व्यवस्थेचे गुणगान करताना हात आखडता घेतलेला बरा. सुईणीचे काम विटाळाचे मानले जाई. ते बहुधा खालच्या मानलेल्या जातींतील स्त्रियांकडे असे, आणि त्याचा मोबदला म्हणजे पसाभर धान्य व एखादे लुगडे. नाळ विळ्याने अथवा हाताशी येईल त्या पात्याने कापली जाई व तिच्या टोकास राख किंवा शेण लावण्याची चाल अनेक ठिकाणी होती. नवजात बालकांचा धनुर्वात या चालीतून उद्भवे, आणि त्याची लक्षणे जन्मानंतर साधारण सहाव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागत. पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भवितव्य लिहिते, ही महाराष्ट्रभर रूढ असलेली समजूत या संदर्भात वाचण्यासारखी आहे. पहिला आठवडा हाच घातवार, हे लोकांनी अनुभवाने ओळखले होते. कारण मात्र त्यांच्या हाती नव्हते. ऐक्य होते, शास्त्र नव्हते.

ब्रिटिश अमदानीत मध्य प्रांतामध्ये जन्ममृत्यूची पहिली नोंद वैद्याकडे नव्हे, तर कोतवालाकडे गेली. गावचा कोतवाल जन्म व मृत्यू यांची खबर पोलिस ठाण्यावर नेऊन देई. त्याला दिसे ते मरण तो सांगे, आणि कारण म्हणून ताप, पटकी, देवी यांपैकी एखादे नाव देई. बारसे होण्यापूर्वी गेलेले मूल घराबाहेरच्या कोणाच्या खिजगणतीत येत नसे, मग ते ठाण्याच्या वहीत कोठून यावे? १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी हा प्रदेश पोळून निघाला. १९०१ च्या शिरगणतीत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ पेक्षा कमी भरली. आर. व्ही. रसेल यांनी संपादिलेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. जमीन, जाती, तलाव आणि मालगुजार यांविषयी त्या मालिकेतील ग्रंथ जितके बोलके आहेत तितके बाळंतिणीविषयी नाहीत. अर्थात हा दोष एका ग्रंथाचा नव्हे. ज्याची गणना होत नाही त्याची व्यवस्थाही होत नाही, हे तत्त्व पुढे याच भागात वेगळ्या रीतीने सिद्ध व्हावयाचे होते.

पाश्चात्त्य वैद्यक स्त्रीपर्यंत पोहोचले ते नगरांच्या मार्गाने. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने हिंदी स्त्रियांना वैद्यकीय साहाय्य पुरविणारा निधी स्थापन झाला आणि मोठ्या शहरांत जनाना रुग्णालये उभी राहू लागली. पुढील वर्षी, १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी यांनी पेन्सिल्व्हेनियात वैद्यकाची पदवी मिळविली. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल अवघे दहा दिवस जगले होते, आणि पदवीसाठी त्यांनी लिहिलेला प्रबंध आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. या दोन गोष्टींचा संबंध जोडण्यास फारशा कल्पनेची गरज नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या क्षयाने वारल्या. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी सुईणींच्या शिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी काढला. १९०९ मध्ये पुण्यास सेवासदन स्थापन झाले व रमाबाई रानडे यांच्या प्रयत्नाने परिचारिका आणि सुईणी यांच्या शिक्षणास घरंदाज स्त्रियांमध्ये प्रतिष्ठा मिळू लागली. हे सर्व कार्य मोलाचे आहे. परंतु कर्झन निधीची दृष्टी सुईणीकडे एक सुधारावयाचा दोष म्हणून पाहण्याची होती. तिच्याकडे जे काम एकवटलेले होते त्याचा विचार कोणी केला नाही. तिचे हात स्वच्छ करावयाचे, एवढाच प्रश्न मानला गेला.

संपूर्ण व्यवस्थेचा पहिला आराखडा सर जोसेफ भोर यांच्या समितीने दिला. समिती १९४३ मध्ये नेमली गेली आणि १९४६ मध्ये तिचा अहवाल आला. १९३७ साली ब्रिटिश हिंदुस्थानात दर हजार जिवंत जन्मांमागे १६२ बालके वर्षाच्या आत दगावत, असा आकडा तिने पुढे ठेवला. सुमारे ४०,००० लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे व त्यावर इतर नोकरवर्गाबरोबर चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार प्रशिक्षित प्रसाविका आणि चार शिकविलेल्या सुईणी असाव्यात, अशी तिची अल्पकालीन योजना होती. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. भोर समितीने सुईणीला व्यवस्थेबाहेर लोटले नाही. केंद्राच्या नोकरवर्गातच तिला जागा दिली. प्रतिबंध आणि उपचार ही दोन खाती वेगळी ठेवू नयेत, हाही समितीचा आग्रह होता. पुढे जे घडले ते या दोन्ही सूचनांच्या उलट.

२ ऑक्टोबर १९५२ पासून समूह विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. या काळात भंडारा जिल्ह्याने तीन राज्यव्यवस्था पाहिल्या: १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेला मध्य प्रदेश, त्यानंतर द्वैभाषिक मुंबई राज्य, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व ग्रामीण आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे सोपविण्यात आली. सत्ता गावाजवळ आली खरी. परंतु जिल्ह्याचे मोठे रुग्णालय राज्य शासनाकडे आणि केंद्र जिल्हा परिषदेकडे, अशी एक शीव तेव्हाच आखली गेली. अडलेली बाळंतीण केंद्रातून रुग्णालयात जाते तेव्हा ती ही शीव ओलांडते.

साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात कुटुंबनियोजनास अग्रक्रम मिळाला. केंद्रात १९६६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र विभाग झाला. देवी, हिवताप, क्षय यांच्या मोहिमांप्रमाणे याही मोहिमेचा नोकरवर्ग आणि लक्ष्यांक वेगळे होते. आरोग्यसेविका बाळंतिणीच्या दारी जाई ती बाळ पाहावयास की शस्त्रक्रियेची केस मिळवावयास, हा संशय या काळात गावोगाव रुजला. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, इतकेच. लक्ष्यांकाची पद्धत सोडून दिली गेली ती १९९६ मध्ये. या विखुरलेल्या सेवांची मोट बांधण्यासाठी समित्या मात्र नेमल्या जात होत्या. जंगलवाला समितीने १९६७ मध्ये सेवांच्या एकत्रीकरणाचा पुरस्कार केला. कर्तारसिंग समितीने १९७३ मध्ये एकेका रोगाच्या कर्मचाऱ्याऐवजी बहुउद्देशीय कर्मचारी असावा, असे सुचविले. त्यानुसार आरोग्यसेविकेच्या पदाचे नाव विस्तारले आणि तिच्या कामांची यादी लांबली. एकत्रीकरण म्हणजे अनेक खात्यांचे ओझे एका बाईच्या डोक्यावर, असा अर्थ व्यवहारात रूढ झाला, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे.

समन्वयाचे खरे प्रयोग याच काळात अन्यत्र, आणि प्रथम राज्याच्या पश्चिम टोकास, चालू होते. आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुका या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामबालशिक्षेचे कार्य आरंभिले व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांमध्ये गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी ही कल्पना व तो शब्द रूढ झाला. कोसबाडच्या शिक्षणाचा आरंभ अक्षराने नव्हे तर आंघोळीने, नखे कापण्याने आणि केस विंचरण्याने होई. शिक्षिका मुलाच्या निमित्ताने आईपाशी पोहोचे. त्याच तालुक्यात कासा येथे १९७० च्या दशकात डॉ. पी. एम. शहा यांच्या मार्गदर्शनाखाली माता-बाल आरोग्य व पोषण प्रकल्प चालला. गावातीलच थोड्या शिकलेल्या स्त्रिया अर्धवेळ समाजसेविका म्हणून नेमून त्यांच्याकडून मुलांची नियमित वजने घेतली जात, आणि धोक्यातील माता व मुले निवडून त्यांवर लक्ष केंद्रित केले जाई. नायजेरियातील इमेसी-इले या खेड्यात डेव्हिड मॉर्ले यांनी सुरू केलेला वाढीचा तक्ता आईच्या घरीच ठेवावयाचा, ही पद्धत शहा यांच्या कार्यात विशेष महत्त्व पावली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेत गेल्यावर त्यांनी मातेच्या स्वतःच्या हाती राहणाऱ्या आरोग्यपत्रकाचा अनेक देशांत पाठपुरावा केला. दप्तर कोणाकडे राहावे, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो; तो तसा नाही, हे पुढे दिसेल.

अहमदनगर जिल्ह्यात (आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात) जामखेड येथे १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी केलेले कार्य सुविदित आहे. तेथे गावाने निवडलेल्या, पुष्कळशा निरक्षर आणि दलित समाजातील स्त्रियांना ग्रामीण आरोग्यसेविका म्हणून शिकविण्यात आले. आरोळे दांपत्यास या कार्याबद्दल १९७९ मध्ये मॅगसेसे पारितोषिक मिळाले. जामखेडचा विशेष हा की, तेथे विहीर, चारा, धान्य आणि प्रसूती हे प्रश्न एकाच बैठकीत चर्चिले जात. ज्या स्त्रीच्या घरी पाणी नाही तिला स्वच्छतेचा उपदेश करण्यात अर्थ नाही, हे आरोळे दांपत्याने आरंभीच ओळखले होते.

शासनाने या विचारसंचितातून जे घेतले ते एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या रूपाने. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ ठिकाणी ती प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. विदर्भातील मेळघाटातले धारणी त्यांपैकी एक होते. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण या तिच्या सहा सेवा होत. नाव एकात्मिक होते, परंतु सहांपैकी तीन सेवा, म्हणजे लसीकरण, तपासणी व संदर्भसेवा, आरोग्य खात्याने पुरवावयाच्या होत्या आणि उर्वरित समाजकल्याणाच्या बाजूने. अंगणवाडी सेविका मुलाचे वजन घेई. वजन घटले तर औषध देण्याचा अधिकार दुसऱ्या खात्याकडे. ताराबाईंचे अंगण देशभर पसरले, पण त्याच्या मधोमध एक कुंपण घातले गेले. धारणीचा मेळघाट पुढे नव्वदीच्या दशकात कुपोषणाच्या बालमृत्यूंमुळे साऱ्या राज्याच्या लाजेचा विषय झाला, ही वस्तुस्थिती योजनेच्या इतिहासकारास टाळता येणार नाही.

आता पूर्व विदर्भाकडे परतावयाचे. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. भंडाऱ्याशी या प्रदेशाचे धान, तलाव, वैनगंगा आणि झाडीबोली यांचे नाते आहे. येथे १९८६ मध्ये डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेमार्फत संशोधन आणि सेवा यांचे काम मांडले. त्यांचे पहिले महत्त्वाचे संशोधन मातेविषयी नव्हे, तर स्त्रीविषयी होते. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. जानेवारी १९८९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या संशोधनाने माता-बाल आरोग्य या संज्ञेतीलच उणीव उघड केली. गर्भ राहण्यापूर्वी आणि बाळंतपण सरल्यानंतर स्त्री कोणत्याच वहीत नव्हती. माता म्हणून तिची मोजदाद होई, बाई म्हणून होत नसे. समग्रतेचा विचार करणाऱ्याने या मुद्द्यापाशी थांबले पाहिजे, कारण पुढील सर्व प्रयोग बालकाच्या जगण्यावर अधिकाधिक केंद्रित होत गेले.

दुसरा टप्पा बालकांच्या न्यूमोनियाचा. गावातल्या सुईणी निरक्षर. श्वास मोजावयाचे तर आकडे यावयास हवेत. यावर एक साधे साधन काढण्यात आले: एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी तांबड्या मण्यापर्यंत पोहोचले तर न्यूमोनिया समजावयाचा. घरगुती मोजणीच्या चालीस शास्त्राची जोड देणारे हे यंत्र दिसावयास खेळण्यासारखे आहे. वैद्यकाच्या इतिहासात अशा वस्तूंची दखल कमी घेतली जाते. या पद्धतीच्या क्षेत्रीय प्रयोगाचे फलित १९९० मध्ये प्रसिद्ध झाले आणि न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू गावातच रोखता येतात, हे दिसून आले.

तथापि न्यूमोनियावरील उपचारानंतरही उरणाऱ्या मृत्यूंपैकी मोठा वाटा पहिल्या महिन्याचा होता. सटवाईचा तो जुना आठवडा पुन्हा पुढे उभा राहिला. १९९५-९६ या वर्षी ३९ गावांत ७६३ नवजात बालकांचे घरी जाऊन निरीक्षण करण्यात आले. त्यांपैकी ९५ टक्के बालके घरीच जन्मली होती. सुमारे ४२ टक्के बालकांचे जन्मवजन अडीच किलोहून कमी होते. ४८ टक्क्यांना प्राणघातक ठरू शकेल असा आजार झाला, ५४ टक्क्यांना वैद्यकीय मदतीची आवश्यकता होती, आणि ती प्रत्यक्षात मिळाली अवघ्या २.६ टक्क्यांना. याच निरीक्षणाचा दुसरा भाग मातांचा होता: ७७२ स्त्रियांपैकी निम्म्याहून किंचित अधिक स्त्रियांना प्रसूतीत वा बाळंतपणात एखादा विकार झाला, आणि त्यातही बाळंतपणाच्या काळातील विकारांचे प्रमाण प्रसूतीच्या वेळच्या विकारांपेक्षा पुष्कळ अधिक निघाले. कोतवालाच्या वहीत जे कधीच उमटले नव्हते ते एका ग्रामीण स्त्रीच्या वहीत प्रथमच उमटले.

या स्त्रीला आरोग्यदूत हे नाव देण्यात आले. ती गावचीच, पाच ते दहा इयत्ता शिकलेली असे. प्रसूतीच्या वेळी सुईण आईकडे पाही आणि आरोग्यदूत बाळाकडे. श्वास न घेणाऱ्या बाळाला पिशवी व मुखवट्याने श्वास देणे, ऊब राखणे, अंगावरचे दूध वेळेवर सुरू करणे, ताणकाट्याने वजन घेणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे ही तिची कामे होती. रुग्णालयात नेण्यास आईबाप राजी नसले तर ती त्यांच्या संमतीने जेन्टामायसिनचे इंजेक्शन व तोंडाने घ्यावयाचे औषध देई. म्हणजे येथेही हात दोन जोड्यांचे होते. फरक असा की, दोघींना शिकविणारी, दोघींच्या नोंदी तपासणारी आणि मृत्यू घडला तर जाब विचारणारी यंत्रणा एकच होती. ३९ गावांत नवजात मृत्युमान १९९३-९५ मधील दर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी सुमारे २५ पर्यंत उतरले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत ते सुमारे ५८ होते ते ६० झाले. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जंतुसंसर्गाने ग्रासलेल्या बालकांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. पुढे महाराष्ट्रातील सात ठिकाणी ‘अंकुर’ या नावाने हाच प्रयोग इतर संस्थांनी करून पाहिला. त्याच सुमारास ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने शासकीय दप्तरी नोंदलेले बालमृत्यू आणि प्रत्यक्ष घडणारे बालमृत्यू यांतील मोठी तफावत लोकांसमोर मांडली आणि मोजणीचा प्रश्न विधिमंडळापर्यंत नेला.

गडचिरोलीच्या प्रयोगाविषयी एक रास्त शंका घेतली जाते: बारकाईने देखरेख करणारी लहान संस्था जे करू शकते ते लाखो गावांना कसे लागू पडावे? या शंकेचे उत्तर शासनाने आपल्या परीने दिले. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू होऊन आशा नेमल्या गेल्या, आणि २०११ मध्ये घरभेटींतून नवजात बालकाची काळजी हा कार्यक्रम देशभर लागू झाला. रुग्णालयातील प्रसूतीनंतर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, घरी प्रसूती झाल्यास सात, आणि त्याबद्दल २५० रुपये, अशी तिची मांडणी झाली. २०१८ मध्ये पंधरा महिन्यांच्या वयापर्यंतच्या भेटींची जोड मिळाली. गडचिरोलीत ज्या इंजेक्शनाने मृत्यू रोखले ते मात्र आशेच्या पेटीत आले नाही. ते आरोग्यसेविकेकडे आणि वरच्या केंद्रांकडे राहिले. यामागील वैद्यकीय सावधगिरी समजण्यासारखी आहे. परंतु भेटी घेतल्या आणि अधिकार ठेवून घेतला, हे येथेही घडले.

या सर्व काळात मातेच्या दंडावर दिलेल्या एका लशीने केलेले काम निराळे सांगितले पाहिजे. धनुर्वाताची लस गर्भवतीला टोचतात; तिच्या रक्तातून संरक्षण गर्भाकडे जाते. २०१५ मध्ये माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याची ग्वाही मिळाली. आई आणि बाळ यांत खाते कोणते असा प्रश्न येथे विचारण्याची सोयच नव्हती, म्हणून कदाचित हे काम पूर्ण झाले.

दरम्यान प्रसूतीची जागाच बदलली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के प्रसूती दवाखान्यांत होऊ लागल्या होत्या. तीन दशकांपूर्वी गडचिरोलीच्या गावांत जे प्रमाण घरच्या प्रसूतींचे होते तेच आता दवाखान्यांचे झाले. यामुळे अनेक जीव वाचले यात शंका नाही. परंतु कमी वजनाचे अथवा आजारी बाळ जिल्हा रुग्णालयाच्या विशेष काळजी कक्षात आणि आई दुसऱ्या मजल्यावर वा दुसऱ्या विभागात, अशी एक नवी ताटातूटही निर्माण झाली. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील अशाच कक्षास आग लागून दहा बालके मृत्युमुखी पडली. सात वाचविण्यात आली. त्या दुर्घटनेची चर्चा प्रामुख्याने विजेच्या उपकरणांची आणि आगप्रतिबंधक व्यवस्थेची झाली, व ती आवश्यकच होती. त्याच वर्षी मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय संशोधनाने, ज्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय सहभागी होते, असे दाखविले की, कमी वजनाच्या बाळाला प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवल्यास अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर येते. त्यासाठी आईची खाट बाळाच्या कक्षातच हवी. आई व नवजात यांचा एकत्र कक्ष ही कल्पना त्यानंतर रुग्णालयांच्या नियोजनात शिरू लागली आहे. सुईणीच्या वेळी जी बाज एकच होती, तिच्याकडे वैद्यक शंभराहून अधिक वर्षांनी संशोधनाच्या वाटेने वळत आहे.

करडीसारख्या गावात या इतिहासाचा कस लागतो तो मात्र रुग्णालयात नव्हे, माहेरी. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल या भागात आजही आहे. स्त्री सासरच्या गावी नोंदली जाते, तेथे तिच्या रक्ताची तपासणी होते, तेथील अंगणवाडीत तिचा आहार लागतो. सातव्या-आठव्या महिन्यात ती दुसऱ्या तालुक्यातील, कधी दुसऱ्या जिल्ह्यातील माहेरी जाते. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून पूर्वी एकाच जिल्ह्यातली पुष्कळ माहेरे व सासरे निरनिराळ्या जिल्ह्यांत गेली आहेत. प्रसूती माहेराजवळच्या दवाखान्यात होते, पहिल्या सहा भेटी माहेरच्या आशेने द्यावयाच्या असतात, आणि तिच्या यादीत ही स्त्री कधी असते, कधी नसते. दीड-दोन महिन्यांनी बाळ घेऊन ती सासरी परतते तेव्हा तेथील वहीत ती अजून गर्भवतीच असण्याचा संभव असतो. रोवणीचे दिवस असले तर परतणे लवकर होते, कारण घरी हात कमी पडतात. संगणकावरील नोंदणी क्रमांकाने हे अंतर भरून काढण्याचा प्रयत्न गेल्या दीड दशकात झाला आहे. तथापि क्रमांक शोधणारे माणूस दोन्ही टोकांस असावे लागते.

आरोग्य व महिला-बालविकास या दोन खात्यांनी २०१० मध्ये संयुक्तपणे माता व बाल संरक्षण पत्रक काढले. दोन्ही खात्यांच्या नोंदी ज्यावर एकत्र येतात असा हा जवळजवळ एकमेव कागद होय. त्याच्या एका बाजूस गर्भारपणातील तपासण्या, दुसरीकडे बाळाच्या लसी आणि कासा येथे वापरला गेला त्याच जातीचा वाढीचा आलेख असतो. तो कोणत्याही कचेरीत राहत नाही. बाई तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून माहेरी नेते, दवाखान्यात दाखविते आणि सासरी परत आणते.